बुटक्या पायरीवरून दिसलेला मेंदू

माझी उंची चार फूट अकरा इंच. न्यूरोसर्जरीच्या थिएटरमध्ये स्क्रब सिस्टर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स, म्हणून मला आता एकोणीस वर्षं होतील, पण उंचीवरून कधी अडलं नव्हतं. पायाखाली स्टीलचं स्टूल घेतलं की काम भागायचं. २०२२च्या पावसाळ्यात आमच्याकडे ऑपरेशन मोठ्या स्क्रीनवर दाखवणारा नवा कॅमेरा आला आणि पहिल्याच दिवशी अडलं ते उंचीवरूनच. त्रिमिती चष्मा लावून मी स्टुलावर चढले, समोरच्या ५५ इंची स्क्रीनकडे पाहिलं, तर सगळं दोन-दोन. आमच्या सर्जन सरांच्या हातात रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनच्या दोन नळ्या, रक्तवाहिनी डागणारे दोन बायपोलर चिमटे. खाली उतरले की चित्र एक व्हायचं, पण मग माझा हात ट्रॉलीवर पोहोचेना.

कंपनीकडून आलेला मुलगा म्हणाला, मॅडम, हा स्क्रीन बसलेल्या सर्जनच्या डोळ्यांच्या रेषेत लावलाय. त्या रेषेच्या फार वर गेलात तर डाव्या डोळ्यासाठीचं चित्र उजव्या डोळ्यालाही दिसायला लागतं. मी म्हटलं, मग मी काय हवेत तरंगू? शेवटी आमच्या वॉर्डबॉय मामांनी प्लास्टर रूममधून एक बुटकी पायरी शोधून आणली. स्टुलाच्या निम्म्या उंचीची, एका पायाचं रबर गेलेली. तिच्या पायाखाली चिकटपट्टीची गुंडाळी लावली आणि एवढ्या लाखामोलाच्या यंत्राचा पहिला प्रश्न सुटला. ती पायरी आजही माझी आहे. तिच्यावर मार्करने 'न्यूरो' लिहून ठेवलंय, नाहीतर ऑर्थोवाले पळवतात.

आधी कसं होतं ते सांगते. आधी मायक्रोस्कोप होता. अजूनही आहे, त्याचं पुढे येईलच. एक मोठं धूड, त्याला लांब हात, हाताच्या टोकाला भिंगं. सर दोन भिंगांना डोळे लावून बसायचे, रेसिडेंट डॉक्टर दुसऱ्या जोडीला. डोक्याच्या आतलं खरंखुरं दिसायचं ते या चार डोळ्यांनाच. बाकीच्यांसाठी भिंतीवर टीव्ही, त्यावर सपाट चित्र. लाल, पांढरं, मधेच काहीतरी चमकणारं. खड्डा कुठे आणि उंचवटा कुठे, पत्ता लागायचा नाही. मी तर तिकडे बघायचेच नाही. स्क्रब सिस्टरने हाताकडे बघायचं, हे मला आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. सर भिंगावरून डोळे काढत नाहीत, फक्त उजवा हात बाहेर येतो. तळवा किती उघडलाय, अंगठा कुठे आहे, यावरून बायपोलर हवा की मायक्रोसिझर ही बारीक कात्री, हे ओळखायचं, आणि वस्तू अशी ठेवायची की त्यांना ती बोटांत फिरवून घ्यावी लागू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे कान. सक्शनचा बारीक, कोरडा 'स्स्स' चालू आहे तोवर सगळं ठीक. तो घुसमटला, आत काहीतरी गुडगुडलं, की सांगायच्या आधी माझा हात रक्त थांबवणाऱ्या सर्जिसेलच्या जाळीकडे गेलेला असायचा. मॉनिटरची टिकटिक तर झोपेतही ऐकू येते. सोळा वर्षं मी मेंदूची ऑपरेशनं अशीच केली. न बघता. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता.

आमचे सर चहाच्या वेळी मूडमध्ये असले की जुन्या गोष्टी सांगतात. जर्मनीतल्या झाइस कंपनीने १९५३ साली ऑपरेशनसाठी नीट वापरता येईल असा मायक्रोस्कोप बाजारात आणला. तो आधी उचलला कानाच्या डॉक्टरांनी. १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये थिओडोर कुर्झे नावाच्या मेंदूच्या सर्जनने त्यांचं बघून तो पहिल्यांदा आपल्या ऑपरेशनला लावला. त्यापुढचं नाव मात्र मला चहाच्या कितीतरी आधीपासून पाठ होतं, यासारगिल. आमच्या कपाटात मेंदूतल्या धमनीवरचा फुगा बंद करायच्या क्लिपांचा जो डबा असतो तो 'यासारगिलचा डबा'. मला कितीतरी वर्षं वाटायचं की ते कंपनीचं नाव आहे. मग कळलं की तो माणूस होता, तुर्कस्तानात जन्मलेला, झुरिचमध्ये काम केलेला, आणि मायक्रोस्कोपखाली मेंदूचं ऑपरेशन कसं करायचं हे जगभरच्या सर्जनना त्याने शिकवलं. २०२५च्या जूनमध्ये गेला, शंभरी पूर्ण व्हायला महिना राहिला असताना. त्या दिवशी डबा पुसताना उगाचच हात जरा सावकाश चालला.

तर या मायक्रोस्कोपमध्ये वाईट काय होतं? दिसायला काहीच नाही. वाईट होतं ते बसणं. भिंग जिकडे वळेल तिकडे सरांची मान वळायची. गाठ मेंदूच्या मागच्या खालच्या भागात असली तर सर सहा-सहा तास हात लांब करून, मान वाकडी करून बसलेले. ओपीडीत मानदुखीच्या पेशंटला व्यायाम सांगायचे आणि केबिनमध्ये जाऊन स्वतः मानेचा पट्टा लावायचे. हे पेशंटना माहीत नव्हतं, आम्हाला होतं.

नव्या यंत्राला एक्सोस्कोप म्हणतात. एंडोस्कोप शरीराच्या आत जातो, हा बाहेरच राहतो. जखमेच्या वर वीत-दोन विती अंतरावर मोठ्या टॉर्चएवढा कॅमेरा असतो. त्याला माणसासारखे दोन डोळे, दोन्हींची चित्रं मोठ्या स्क्रीनवर. चष्मा लावला की ती मिळून एक होतात आणि चित्राला खोली येते. सर ताठ बसतात, समोर बघतात, हात खाली काम करतात. कॅमेरा हलवायचा तो पायाने. सोनी आणि ऑलिंपस या जपानी कंपन्यांनी मिळून असं फोर-के त्रिमिती यंत्र २०१७ साली आणलं, आणि आता तसली यंत्रं इतर कंपन्यांचीही आहेत. आमचं कुठलं ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्या थोड्या तक्रारीही आहेत.

यंत्र आलं म्हणून लगेच पेशंटवर घेतलं नाही. आधी कोंबडी झाली. हसू नका. सरांनी सांगितलं, सिस्टर, येताना चिकनचे पंख आणा, कातडीसकट, ताजे. मी सकाळच्या ड्यूटीला येताना दुकानातून सहा पंख घेतले. दुकानदार म्हणाला, ताई, नुसते पंख? सूप करायचंय का? मी म्हटलं, नाही, शिवायचेत. पंखाच्या आत एक बारीक रक्तवाहिनी असते, शेवईएवढी. ती कापून पुन्हा जोडायची, केसाहून बारीक टेन-झिरो नायलॉनने. सर आणि दोन रेसिडेंट पंधरा दिवस रोज संध्याकाळी तासभर त्या कॅमेऱ्याखाली कोंबडीच्या रक्तवाहिन्या शिवत बसायचे. पहिल्या दिवशी सरांची सुई नेमकी जागेवर जाईना. तीस वर्षं हात मुरलेला माणूस, आणि सुई दोराच्या बाजूने निसटतेय. ते काही बोलले नाहीत, फक्त थिएटरच्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी पायाने पेडल चाचपायला लागले. तेव्हापासून ते पेडलवर अनवाणीच असतात.

पहिली केस कमरेची घेतली, डिस्कची. ती सुरळीत झाली. दुसरी, तिसरीही कमरेचीच. डोक्याची पहिली केस होती मेनिंजिओमाची, मेंदूच्या आवरणावरची गाठ. तिच्या आदल्या दिवशी पेशंटच्या मुलाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"सिस्टर, दुर्बिणीने करणार आहेत ना? म्हणजे टाके पडणार नाहीत."

हा प्रश्न तेव्हापासून मला दर आठवड्याला येतो. 'कॅमेरा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पित्ताशयाचं ऑपरेशन येतं. पोटावर तीन भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. त्याला जिन्यात बसवून समजावलं, की बाबा, कवटी उघडायची तेवढीच उघडतात. डोकं तीन पिनांच्या शिकंज्यात धरतात, हाड कापून झाकणासारखं बाजूला काढतात, काम झालं की परत बसवून बारीक पट्ट्यांनी घट्ट करतात. बदललंय ते फक्त बघणं. तो जरा हिरमुसला. म्हणाला, मग याचा फायदा काय? मी म्हटलं, डॉक्टरांची मान दुखणार नाही. हे उत्तर त्याला फार आवडलं असं वाटलं नाही, पण विचार करून म्हणाला, सहा तासांचं काम असेल तर तेही महत्त्वाचंच की.

ती केस कॅमेऱ्यावर पूर्ण झाली नाही. गाठ रक्ताने भरलेली होती. दीड तास बरा गेला आणि मग एका कोपऱ्यातून रक्त यायला लागलं. फार नाही, मायक्रोस्कोपखाली असल्या रक्ताकडे सर ढुंकूनही बघायचे नाहीत. पण स्क्रीनवर सगळं लाल झालं. लालच्या मागे लाल, त्याच्या मागेही लाल, जास्वंदीच्या फुलात नाक खुपसून बघावं तसं. चष्मा असूनही खोली गेली. सक्शनचा आवाज मला ऐकू येत होता, तो काही फार बिघडलेला नव्हता. माझे कान म्हणत होते ठीक आहे, आणि डोळे म्हणत होते पूर आलाय.

"मायक्रोस्कोप," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच.

पहिल्या दहा केसेसना जुना मायक्रोस्कोप निर्जंतुक प्लास्टिक घालून कोपऱ्यात तयार ठेवायचा, हे आधीच ठरलं होतं. मामांनी आणि फ्लोअर सिस्टरने तो दोन मिनिटांत आत ढकलला. सरांनी भिंगाला डोळे लावले, बायपोलरचे चार टोचे दिले, रक्त थांबलं. उरलेली केस त्यावरच झाली. नंतर कळलं की चूक निम्मी आमचीच होती. प्रकाश जास्त ठेवला होता आणि झूम नको तेवढा केला होता. आता रक्त आलं की रेसिडेंट आधी झूम मागे घेतो, पाणी जास्त मारतो, आणि चित्र जागेवर येतं. एकदा केबल सैल होऊन स्क्रीन चार-पाच सेकंद काळाही झाला होता. ते चार-पाच सेकंद मी विसरणार नाही. मायक्रोस्कोप बंद पडत नाही असं नाही, पण त्याचा दिवा गेला तरी भिंग भिंगच राहतं. इथे तार गेली की सगळंच गेलं.

माझ्या स्वतःच्या अडचणी वेगळ्या होत्या. मला चाळिशीचा चष्मा आहे. त्यावर त्रिमितीचा चष्मा, खाली मास्क, मास्कमधून येणाऱ्या वाफेने दोन्ही काचा धुरकट. त्यात या चष्म्याने उजेड निम्मा होतो. स्क्रीनवर सगळं लख्ख, आणि माझ्या ट्रॉलीवर संध्याकाळ. एट-झिरोचा दोरा कुठे ठेवलाय ते दिसेना. शेवटी मी चष्मा नाकावर खाली ओढून, ट्रॉलीसाठी वरून आणि स्क्रीनसाठी काचेतून बघायला शिकले. आमच्या गावचे पोस्टमन पत्र वाचताना असेच बघायचे.

दुसरी अडचण लाज वाटावी अशी आहे. पाचव्या की सहाव्या केसला सर एका गाठीचं वेष्टण सोडवत होते आणि मी स्क्रीनवर अडकले. बघतच राहिले. सरांचा हात बाहेर आला, तळवा उघडा, आणि हातात काही पडलं नाही. एक सेकंद, दोन सेकंद.

"सिस्टर, सिनेमा बघताय?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात रिकामा राहिला होता. रात्री घरी जेवताना घास उतरेना. मग मी स्वतःला एक नियम घालून घेतला. सर बारीक काम करत असतील तेव्हा स्क्रीन बघायचा, पण सक्शनचा आवाज बदलला किंवा सरांचं कोपर हललं की डोळे हातावर. आजही हे आपसूक होत नाही, करावं लागतं. नव्या मुली येतात त्या आधीपासूनच स्क्रीन बघून शिकतायत. पुढची पायरी काय, हे त्यांना माझ्याआधी कळतं, आणि हाताची भाषा मात्र येत नाही. यात कुणाचं बरोबर हे मला ठरवता येत नाही. पण परवा एकीने सरांना कात्री आडवी दिली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन झापलं, हे खरं आहे.

थिएटरचा भूगोलही बदलला. पूर्वी मायक्रोस्कोप डोक्याशी, भूल देणाऱ्या मॅडम बाजूला, आणि कुणीही कुठूनही जायचं. आता सर आणि स्क्रीन यांच्यामध्ये कुणी जायचं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. कुणी बिडी ओढायला उठला की मागून पंचवीस माणसं ओरडायची, "ए, खाली बस!" एकदा मामा हातात बादली घेऊन स्क्रीनच्या पुढून गेले आणि माझ्या तोंडून तेच निघालं, "ए मामा, खाली बसा!" मामा बादलीसकट खाली बसले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

समोर उभ्या राहणाऱ्या रेसिडेंटचे हाल सगळ्यात जास्त. चित्र सरांच्या बाजूचं, उभा तो पलीकडे. त्याने हात डावीकडे नेला की स्क्रीनवर उजवीकडे जायचा. आरशात बघून दुसऱ्याच्या डोक्याचा भांग पाडायला सांगितल्यासारखं. शेवटी सरांच्या पाठीमागे त्याच्यासाठी दुसरा स्क्रीन लावला, त्यावर चित्र उलटं फिरवून.

मग गुलाबी केस आली. आम्ही तिला तेच म्हणतो. ग्लायोमा, म्हणजे मेंदूतूनच उगवणारी गाठ, जिची कड कुठे संपते आणि चांगला मेंदू कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही दिसायला जवळपास सारखेच. त्यासाठी फाइव्ह-एएलए नावाचं औषध असतं, वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम या हिशेबाने पाण्यात विरघळवून भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी प्यायला देतात. गाठीच्या पेशी त्याचं रूपांतर अशा द्रव्यात करतात की जे निळ्या-जांभळ्या उजेडात चमकतं. जर्मनीत वॉल्टर स्टुमर यांच्या गटाने याची मोठी चाचणी केली, २००६ साली ती छापून आली. साध्या उजेडात ऑपरेशन केलेल्यांपैकी ३६ टक्क्यांची दिसणारी गाठ पूर्ण निघाली होती, औषध दिलेल्यांपैकी ६५ टक्क्यांची. औषध महाग आहे, म्हणून आमच्याकडे ते प्रत्येकाला मिळत नाही, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं आहे.

पहाटे पाचला नाइटच्या सिस्टरने पेशंटला ते पाजलं. त्यानंतर चोवीस तास त्याला भगभगीत उजेडात ठेवायचं नाही, कातडी भाजू शकते. त्यामुळे आयसीयूतल्या त्याच्या खाटेभोवती आम्ही जाड पडदे लावून घेतले. थिएटरमध्ये गाठीचा मोठा भाग काढून झाल्यावर सर म्हणाले, लाइट बंद. सगळे दिवे घालवले. कॅमेऱ्याने निळा उजेड टाकला. स्क्रीनवरचा मेंदू गडद निळा झाला आणि त्या खड्ड्याच्या एका भिंतीवर लाल पेरू फोडावा तसा रंग उमटला. आताच साध्या उजेडात आम्ही सगळे ती भिंत स्वच्छ समजत होतो. खोलीत आठ माणसं होती, आठही गप्प. सर तो गुलाबी भाग थोडा-थोडा काढत गेले. एका ठिकाणी मात्र थांबले. तिथे गुलाबी होतं, पण पलीकडेच हाताची हालचाल चालवणारा भाग होता. तो कण त्यांनी तसाच ठेवला. तेही आम्हा आठ जणांना दिसलं.

आता त्या बाईंचं सांगते, ज्यांच्यामुळे खरं तर हे लिहायला बसले.

जुन्नरकडच्या, बावन्न वर्षांच्या. शेतात भांगलायला बसल्या असताना डोक्यात वीज पडल्यासारखं झालं, उलटी झाली आणि कोसळल्या. मेंदूतल्या धमनीवर फुगा आला होता आणि तो फुटून गळला होता. नशिबाने शुद्धीवर होत्या. थिएटरच्या दारात त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून अडलं. सलाइनसाठी काढायला हव्यात, आणि फोडायच्या नाहीत हा त्यांचा हट्ट. मी साबण लावून एक-एक उतरवली. अकरा होत्या. पाकिटात घालून त्यांच्या सुनेकडे दिल्या.

हाड काढलं, ड्युरा, म्हणजे मेंदूवरचं जाड आवरण, उघडला, आणि सरांनी कॅमेरा खाली आणला. मेंदूचे दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात ती फट उघडायची होती, सिल्व्हियन फिशर. ही फट मी शेकडो वेळा 'उघडली' आहे, म्हणजे ती उघडायची हत्यारं दिली आहेत. बघितली मात्र त्या दिवशी. कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा असतो ना, तसा पारदर्शक पडदा फटीवर ताणलेला, आणि त्याच्याखाली पाणी. पाणी खरंच चमकत होतं. गळलेल्या रक्ताच्या जांभळट गुठळ्या त्याच्या तळाशी. सरांनी बारीक सुरीने पडद्याला टोक लावलं आणि पाणी झुळकन वर आलं. आत, खूप आत, निळी शीर पाठ टेकून पडलेली, आणि तिच्यापलीकडे धमनी. ती उडत होती. मला काही क्षण कळलं नाही की मला इतकं ओळखीचं काय वाटतंय. मग लक्षात आलं, की धमनी मॉनिटरच्या टिकटिकीवर उडतेय. जो आवाज मी सोळा वर्षं नुसता ऐकला, तो तिथे होता. समोर. मेंदूच्या त्या दोन गाद्यांच्या मधे.

फुगा दिसला. वाटाण्याएवढा, एका बाजूला पातळ होऊन लालभडक झालेला. सरांनी मूळ धमनीला थोड्या वेळापुरती क्लिप लावली. आता वेळ मोजायची. मॅडम मोठ्याने सांगायला लागल्या, "एक मिनिट." मी यासारगिलची क्लिप ती लावायच्या चिमट्यावर, अॅप्लायरवर चढवून हातात धरलेली. "दोन मिनिटं." सरांचा तळवा उघडला. यावेळी मी स्क्रीनकडे बघत नव्हते. क्लिप फुग्याच्या मानेवर बसली, तात्पुरती क्लिप निघाली, फुगा सुरकुतला.

मग आयसीजी. रक्त कुठवर पोहोचतंय ते दाखवणारं हिरवं औषध, मॅडमनी ते शिरेतून दिलं. आयोडीनची अॅलर्जी नाही ना, हे सकाळीच विचारलेलं. कॅमेरा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडावर गेला आणि स्क्रीन काळा झाला. आम्ही वाट बघत उभे. काही सेकंदांनी काळ्यातून धमनीची पांढरी फांदी उगवली, मग दुसरी, मग बारीक डहाळ्या, अमावास्येच्या रात्री वीज चमकून झाड दिसावं तशी. फुगा काळाच राहिला. म्हणजे तो बंद झाला, काम झालं.

"सर," रेसिडेंट म्हणाला, "खालची फांदी येत नाहीये."

सगळ्यांनी एकदमच तिकडे बघितलं. खरंच, एक फांदी अंधारात होती. क्लिपच्या टोकाने तिला चिमटलं होतं. सर काही बोलले नाहीत. क्लिप काढली, केसभर सरकवून परत लावली. मग रंग रक्तातून निघून जाईपर्यंत थांबलो, दहा-पंधरा मिनिटं, जी फार मोठी असतात. पुन्हा औषध, पुन्हा काळोख, आणि यावेळी ती फांदीही उजळली.

आयसीजी मायक्रोस्कोपमध्येही होतं, तेव्हाही आम्ही टीव्हीवर बघायचो, त्यामुळे कॅमेऱ्यामुळेच ती फांदी वाचली असं मी म्हणणार नाही. पेशंट याने जास्त बरे होतात असंही नाही. मी बघितलेल्या केसेसवरून तरी दोन्हीत फार फरक सांगता येणार नाही. रात्री-अपरात्री अपघाताची केस आली आणि नवी टीम ड्यूटीला असली, तर आम्ही सरळ मायक्रोस्कोपच काढतो. पण सरांचा मानेचा पट्टा केबिनमधल्या खुंटीवर धूळ खात पडलाय, आणि ती न उजळलेली फांदी मला रेसिडेंटइतकीच स्पष्ट दिसली होती. त्याने अर्धा सेकंद आधी तोंड उघडलं एवढंच.

आमची पेशंटशी ओळख दारात होते आणि दारातच संपते. वॉर्डात आम्ही सहसा जात नाही. पण बाविसाव्या दिवशी त्यांच्या सुनेचा निरोप आला, बांगड्या दहाच भरतायत. मी वर गेले. बाई खाटेवर बसून चहा पीत होत्या, एका बाजूचे केस गेलेले. मेंदूला रक्त कमी पडू नये म्हणून दिलेली दर चार तासांची निमोडिपिनची गोळी एकवीस दिवसांनी आदल्या दिवशीच संपली होती आणि त्या घरी जायच्या तयारीत होत्या. अकरावी बांगडी सुनेच्या पर्सच्या तळाशी सापडली, तो विषय मिटला. मी निघाले तर म्हणाल्या,

"ताई, तुमी व्हता का आत?"

"होते मावशी."

"मंग माजं डोस्कं बघितलं आसंल उघडून."

"बघितलं."

"कसं व्हतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मी खाटेच्या कडेवर बसले. त्यांना कांद्याच्या पापुद्र्याचं सांगितलं, त्याखालच्या पाण्याचं सांगितलं, निळ्या शिरेचं आणि उडणाऱ्या धमनीचं. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी वल्लंच आसतं व्हय आत," त्या म्हणाल्या. मग कापलेल्या बाजूवरून हात फिरवत, "आन् क्यास कवा येत्याल वो परत?"